आत, जमीन, बाहेर

तरुणपणी मला विजेबद्दल सगळं माहीत होतं. तरुणपणी म्हणजे मी एकोणसाठ वर्षांची असताना. आता एकाहत्तर पूर्ण झाली, त्यामुळे ती बाई मला पोरसवदाच वाटते. कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून ती नुकतीच निवृत्त झालेली, ठाण्याला वर्तकनगरात मुलाकडे राहायला आलेली आणि भेटेल त्याला ओहमचा नियम सांगत सुटलेली. वॉचमनला सांगितला, विहीणबाईंना सांगितला. विहीणबाई त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. हातात सोल्डरिंग आयर्न मात्र त्या बाईने उभ्या आयुष्यात धरलेलं नव्हतं. ती कामं लॅबचा शिपाई करायचा. मॅडम फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढायच्या, आणि आकृती फार सुरेख असायची.

आम्ही पहिल्या मजल्यावर. गॅलरीच्या बरोबर खाली, गाड्या लावायच्या जागेत, एक उंच, काळासावळा माणूस टेबल टाकून बसलेला असायचा. पांढरा पायजमा, दोन खिशांचा पांढरा सदरा, कानावर स्क्रूड्रायव्हर, पाय अनवाणी. त्याच्या टेबलावरून सोल्डरच्या राळेचा धूर निघायचा आणि तो थेट माझ्या वाळत घातलेल्या साड्यांत शिरायचा. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी, रविवारी, खाली उतरले आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, की हा उद्योग थांबवा, नाहीतर मी घरमालकांकडे तक्रार करीन.

त्याने वर न बघता सांगितलं, "करा. मीच हाय."

बिल्डिंग त्यांचीच होती. मागची दुसरीही. आजोबा-पणजोबा खाडीकडच्या मिठागरात राबलेले, थोडी भातशेती होती, तिथे इमारती उभ्या राहिल्या तशी घरात श्रीमंती आली. ह्यांनी स्वतः मात्र एका कारखान्यात टेस्टिंग डिपार्टमेंटला नोकरी केली, कारखाना बंद पडेपर्यंत. भाडी, करारनामे, पाण्याची मोटर, सगळं मुलगे बघायचे. ह्यांनी फक्त एक हक्क राखून ठेवलेला: पार्किंगमधली स्वतःच्या गाडीची जागा. तिथे टेबल आणि तीन स्टुलं. गाडी बाहेर उन्हात. थोरल्या मुलाने ती एवढ्या हौसेने घेतलेली, तिचा रंग टपावर पार उडून गेला तेव्हा तो वडिलांशी महिनाभर बोलत नव्हता. ह्यांना महिनाभर ते कळलंच नाही.

सगळे त्यांना दादूस म्हणायचे. थोरल्या भावाला त्यांच्याकडे असं म्हणतात, आम्ही भाडेकरूंनीही तेच उचललं. मी म्हणायला सहा महिने घेतले. मॅडम होते ना मी.

तर, मीच हाय म्हणाले आणि पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. म्हणाले, बसा. मी भांडायला आले होते, पण बसा म्हटल्यावर बसले. चौतीस वर्षं मीच लोकांना बसा-उठा म्हणत होते, मला कोणी म्हटलं की पाय आपोआप ऐकतात. त्यांनी आयर्न माझ्याकडे केलं. मी ते खडूसारखं धरलं. खडू कुठे धरतात? टोकाजवळ. पुढचं सांगत नाही. तर्जनीवरचा डाग अजून आहे, आणि नात लहान असताना मी तिला तो वाघाने चावल्याचा म्हणून दाखवायचे.

दादूसांचा उद्योग एकच. जिन्याखाली त्यांनी एक गोणपाट टांगलं होतं. बिल्डिंगमधल्या लोकांनी घरातले जुने अडाप्टर त्यात टाकायचे. कुठल्या घरात नसतात हो? सेट-टॉप बॉक्स मेला, राउटर मेला, त्यांचे अडाप्टर मात्र धडधाकट मागे राहतात आणि खणात पडून असतात. टाकवत नाहीत, वापरता येत नाहीत. ते बहुतेक बारा व्होल्टचे. आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लागलेल्या पोरांच्या खेळण्यांना, सेन्सरला, छोट्या बोर्डांना हवे असतात पाच व्होल्ट. बारा दिले की जळतात. तर ह्या बाराचे पाच करणारी काड्यापेटीएवढी वस्तू दादूस बनवायचे. बनवायचे म्हणजे येणाऱ्याकडून बनवून घ्यायचे. रविवारी सकाळी नऊ ते बारा, कोणीही यावं, फी नाही, चहा नाही. इंजिनिअरिंगची मुलं यायची, एक रिक्षावाले यायचे, एकदा एक भटजी येऊन गेले.

त्यांची अट अशी, की वस्तू दोन वडापावांच्या किमतीत झाली पाहिजे. महाग झाली तर शिकणारा घाबरतो, आणि घाबरलेला हात थरथरतो, असं त्यांचं म्हणणं. आत असायचं काय? तीन पायांची एक आयसी, दोन कपॅसिटर, एक डायोड, एक बारीक लाल दिवा आणि त्याचा रेझिस्टर. आयसी तापते, तिला पाठीला अॅल्युमिनियम लागतं, तर ते बाजारातून आणायचं नाही. आजूबाजूला इमारती चढत होत्याच. तिथल्या खिडकीवाल्यांकडून सरकत्या काचांच्या पट्टीचे तुकडे मागून आणायचे. त्यांना कोणी नाही म्हणत नसे, कारण निम्म्या इमारतींखाली ह्यांच्याच भाऊबंदांची जमीन.

त्या तीन पायांची नावं त्यांनी लावली होती: आत, जमीन, बाहेर. डावीकडून बारा आत येतात, मधला पाय जमिनीला, उजवीकडून पाच बाहेर. नवीन माणसाकडून ते हे मोठ्याने म्हणवून घ्यायचे. इंजिनिअरिंगची मुलं लाजायची. रिक्षावाले खणखणीत म्हणायचे. मी पहिल्या दिवशी त्यांना सुनावलं, की ह्याला इनपुट, ग्राउंड, आउटपुट म्हणतात आणि ह्या क्रियेला व्होल्टेज रेग्युलेशन. ते म्हणाले, "बरोबर. आता बोला, आत, जमीन, बाहेर."

बोलले. काय करते?

पण एक कबूल केलं पाहिजे. ही आयसी आत नेमकं काय करते ते मी पुस्तकातून पाठ केलं होतं आणि समजलं मला त्यांच्याकडून. खाडीला भरती येते तेव्हा पाणी पुरुषभर चढतं. मिठागराच्या वाफ्यात हवं असतं घोट्याएवढं. म्हणून बांधाला फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. दारावरचा माणूस फळी वरखाली करत बसतो. भरती कितीही चढो, वाफ्यात पाणी घोट्याएवढंच. दादूसांचे आजोबा दारावरचे होते. "ह्यो तीन पायाचा बी दारावरचाच मानूस हाय," ते म्हणायचे. मी विचारलं, आणि उरलेले सात व्होल्ट? ते म्हणाले, "मिठागरात पानी कुठं जातं? गरमीत. ह्याचं बी गरमीतच." आणि तापलेली पट्टी माझ्या कानाच्या पाळीला टेकवली. हे त्यांचं थर्मामीटर. पाळीला सोसलं तर ठीक, नाही सोसलं तर पट्टी मोठी लावायची. बारा वर्षांत मी ह्या बाबतीत त्यांना चुकताना पाहिलं नाही, मात्र माझ्या कुड्या तेव्हापासून डब्यात आहेत.

माझ्या मुलाने एकदा तयार मोड्यूल आणून दिलं. तेही बाराचे पाच करतं आणि थंड राहतं, कारण ते जास्तीचं जाळत न बसता सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. मला वाटलं, आता म्हाताऱ्याची जिरली. दादूसांनी भिंग लावून ते अर्धा तास पाहिलं. हुशार हाय, हुशार हाय, म्हणत राहिले, एखाद्या परक्याच्या पोराचं कौतुक करावं तसं. मग मुलाला परत दिलं. शिकणाऱ्याने पहिल्यांदा असं काहीतरी करावं ज्याची चूक हाताला चटका देऊन कळते, हे वापरायला नंतर आयुष्य पडलंय, असं काहीसं म्हणाले.

सदऱ्याचे दोन खिसे सांगितले, त्यांचंही सांगायला हवं. एकात सुटे पार्ट, दुसऱ्यात बडीशेप. कुठला कशाचा ते रोज बदलायचं. मला एकदा आदराने बडीशेप दिली, तीत मसुरीएवढे दोन कपॅसिटर होते. मी एक चावला. दादूस काळजीने पुढे वाकले. माझ्या दाताची असेल असं वाटलं. म्हणाले, दुसरा गिळू नका, तो चांगला आहे.

मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. टेस्टिंग डिपार्टमेंटमध्ये आयुष्य गेलेलं, मीटर उत्तम होतं, पण म्हणायचे, मीटर सांगतं आणि बल्ब दाखवतो. म्हणून तयार झालेल्या प्रत्येक वस्तूचं पहिलं बाहेर येणारं पाणी बल्बाला. जुन्या मोपेडचे सहा व्होल्टचे बल्ब त्यांनी कुठूनसे खोकंभर मिळवले होते. घरात जेवायच्या आधी गाईचा घास काढतात ना, तसं. आधी बल्ब, मग बोर्ड. पिवळा मंद पेटला तर सगळं ठीक. पांढरा फटक पेटला तर गेलं. मी ह्या प्रकाराला अवैज्ञानिक म्हटलं होतं, तोंडावर. आठवलं की आजही मान खाली जाते. आणि मान खाली जायचं एवढंच कारण असतं तर बरं झालं असतं.

तीन-चार महिने मी रविवारी खाली जात राहिले. तीच वस्तू त्यांनी माझ्याकडून अकरा वेळा करून घेतली. अकराव्या वेळी मला वाटलं, झालं, आता ह्यांच्याजवळ शिकवण्यासारखं उरलेलं नाही. त्याच सुमारास माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. कधीकाळी माझ्या हाताखाली लागलेल्या, आता खुर्चीत. एका माजी विद्यार्थिनीने शाळेला बारा निळी बोर्डं भेट दिली होती, प्रोग्रॅम घालून दिवे लावायची, गाडी चालवायची असली, आणि ती कपाटात पडून होती, कारण कोणाला हात लावायची छाती होत नव्हती. मी म्हटलं, मी शिकवते. आठवीच्या चोवीस मुली, दोघींत एक. आणि वर्गासाठी भूगोलाची जुनी खोली मागून घेतली.

मुख्याध्यापिका धोरणी. म्हणाल्या, एक महिना घ्या, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मला काहीतरी चालू करून दाखवा. दाखवलंत तर खोली मुलींची, दर शनिवारी वर्ग. नाहीतर तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचेत. गठ्ठे व्हरांड्यात येऊन थांबलेच होते, आम्ही रोज ते ओलांडून आत जायचो.

मला ती खोली किती हवी होती हे आता सांगते, तेव्हा नसतं सांगितलं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि कुणी मला काही विचारत नव्हतं. घरी सून चांगली, मुलगा चांगला, पण माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं.

दादूसांना मी सांगितलं. ते खूश झाले असावेत, कारण त्यांनी मला स्वतःहून बारा बल्ब देऊ केले. एकच म्हणाले: पोरींचं झालं की जोडायच्या आधी एक नमुना इकडे आणा. मी बल्ब घेतले नाहीत आणि नमुना आणते म्हणाले. शेवटच्या शनिवारच्या आधीचा रविवार आला आणि मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून गॅलरीचं दार लावून बसले. चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईने आठवीचा गृहपाठ पार्किंगमधल्या माणसाकडून तपासून आणायचा म्हणजे काय?

आता ऐका मी काय केलं होतं ते. भूगोलाच्या खोलीत फळा होता. त्यावर मी आकृती काढली, तीन रंगांत. आयसी समोरून दिसते तशी: डावीकडे आत, मध्ये जमीन, उजवीकडे बाहेर. मुली फळ्याकडे बघत आणि हातातल्या, पार्ट बसवायच्या भोकांच्या पट्टीवर तसंच्या तसं जोडत. आयसी पट्टीच्या वरच्या अंगाला बसते आणि सोल्डर करायचं असतं खालच्या अंगाने. पट्टी पालथी केली की डावं उजवीकडे जातं. हे मी अकरा वेळा स्वतःच्या हाताने केलेलं होतं, हाताला पक्कं ठाऊक होतं. पण खडू हातात आला आणि हाताचं शहाणपण गेलं. मुलींनी फळ्यावर होतं ते पालथ्या पट्टीवर जोडलं. बाराच्या बारा जोड्यांनी बाराच्या बारा वस्तूंत आत आणि बाहेर यांची अदलाबदल केली, अत्यंत सुबक.

उघाडीवरचा माणूस उलट्या तोंडाने उभा राहिला तर भरती थेट वाफ्यात घुसते.

शनिवारी मुख्याध्यापिका आल्या, दोन शिक्षिका आल्या. टेबलावर बारा वस्तू, बारा निळी बोर्डं, शेजारी वायरी तयार. मी बोलायला उभी राहिले, इतक्यात दारात दादूस. पायात चपला, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. वर्तकनगरच्या बाहेर हा माणूस लग्नाकार्यालाही सहसा जात नसे. गठ्ठे ओलांडून आत आले, शेवटच्या बाकावर गुडघे वर काढून बसले. मला एवढा संताप आला, की मी त्यांची ओळखही करून दिली नाही.

माझं भाषण संपलं. पहिली जोडी पुढे आली. त्यातली एक आंबिवलीहून येणारी, दोन वेण्यांची, फारसं न बोलणारी मुलगी. तिचं सोल्डरिंग वर्गात सगळ्यांत चांगलं. म्हणून तर तिला पहिला मान. तिने बोर्डाची वायर उचलली आणि मागून आवाज आला, "पोरी, आधी बल्ब."

मी म्हणणार होते, की त्याची काही गरज नाही. पण मुलीने वायर खाली ठेवलीसुद्धा. दादूस उठून पुढे आले, पिशवीतून एक बल्ब काढून तिच्या हातात दिला. तिने जोडला. पांढरा फटक उजेड पडला आणि बल्ब टुक करून गेला. दुसऱ्या जोडीचा, टुक. तिसऱ्या जोडीचाही टुक. तिसऱ्यानंतर कोणी पुढे येईना.

मुख्याध्यापिकांनी आंबिवलीच्या मुलीकडे पाहिलं. "काय गं, मॅडमनी इतकं नीट शिकवलं, लक्ष कुठे होतं तुझं? चुकीचं जोडलंस ना?" आणि मग दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

मला तोपर्यंत कळलं होतं. पहिल्याच बल्बाला कळलं होतं, कारण माझं तोंड फळ्याकडे होतं. मी मान हलवली. होकारार्थी. फार मोठी नाही, एवढीशी. ती मुलगी आपल्या वस्तूकडे बघत होती, निदान मला तसं वाटलं.

दादूस जागेवरच उभे राहून पिशवीचे बंद गुंडाळत होते. मग दादूसांनी त्या मुलीची वस्तू हातात घेतली, पालथी केली, सुलटी केली, फळ्याकडे पाहिलं. "पोरींचं काय चुकलेलं नाय," ते मुख्याध्यापिकांना म्हणाले. "फळ्यावर जसं हाय तसंच केलंय, एक टाका इकडंतिकडं नाय. फळाच समोरनं काढलाय, आन् काम हाय मागनं."

बस, एवढंच. चढा आवाज नाही, माझं नाव नाही. पण चोवीस मुली, दोन शिक्षिका आणि माझ्या हाताखालची मुख्याध्यापिका एकदम फळ्याकडे वळल्या, जिथे माझी सुंदर आकृती तीन रंगांत उभी होती.

दुरुस्ती सोपी होती, ही त्या तीन पायांची मेहेरबानी. जमीन मध्ये असल्यामुळे आयसी सोडवायची, तोंड फिरवायचं आणि परत बसवायची. दादूस मुलींमधून फिरत होते आणि आयर्नला हात न लावता सांगत होते. मुलींनी सहा आयर्नवर दीड तासात बाराच्या बारा तोंडं फिरवली, आत-जमीन-बाहेर म्हणत, इतक्या जोरात की शेजारच्या वर्गातून कोणी तरी बघायला आलं. मुख्याध्यापिका दीड तास बसून राहिल्या. त्यानंतर लागलेले बल्ब पिवळे होते. मग बोर्डं जोडली. एकही जळलं नाही.

मुख्याध्यापिकांनी दादूसांना विचारलं, वर्ग तुम्ही घ्याल का? मी तिथेच उभी होते, मला न विचारता. दादूस म्हणाले, "ह्यांनाच द्या. ह्या आता फळा बगून काढतील."

खोली मिळाली. गठ्ठे कुठे गेले मला माहीत नाही. मी पुढे दहा वर्षं तिथे शनिवारचा वर्ग घेतला, आणि आज माझ्याच एका विद्यार्थिनीच्या हाती तो आहे.

आणि मी त्या माणसाचे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्या एकोणसाठ वर्षांच्या पोरीला ओळखत नाही. मी तीन रविवार खाली उतरले नाही. जिन्यात दिसले तर मी मोबाइलमध्ये बघायची, आणि तेव्हा मोबाइलमध्ये बघण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं. सुनेला सांगितलं, की असल्या अडाणी माणसांना चारचौघांत कसं बोलावं ते कळत नाही. सून म्हणाली, आई, पण बल्ब गेलेच होते ना? ह्या मुलीला मी उगाच चांगली म्हटलं नाही.

चौथ्या रविवारी राळेचा वास आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. गॅलरीतून वाकून पाहिलं तर टेबल रिकामं. मी घरातल्या गाऊनवर ओढणी टाकली आणि तशीच खाली गेले. दादूस गाडीमागे उकिडवे बसून गोणपाटातले अडाप्टर निवडत होते. आयर्नचं टोक झिजलं होतं, मुलगा नवीन आणायला गेला होता. माझ्याकडे बघून त्यांनी पायाने स्टूल सरकवलं. कुठे होतात, का रागावलात, काही नाही. मी बसले आणि अडाप्टर निवडू लागले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना दादूस म्हटलं, तेही फक्त, दादूस, हा तेराचा दिसतोय, असं.

बारा वर्षं झाली. आता ते ब्याऐंशीचे आहेत, हात कापतो. ते सांगतात, मी सोल्डर करते. रिक्षावाल्यांचा मुलगा येतो, भटजी परत एकदा येऊन गेले. तयार मोड्यूल आता दोन वडापावांच्याच किमतीत मिळतं. दादूस ते येणाऱ्यांना स्वतः देतात, पण ह्या तीन पायांवर काम झाल्यावर.

एवढ्या वर्षांत त्या शनिवारचा विषय आमच्यात निघाला नाही. गेल्या महिन्यात मीच काढला. का, ते माहीत नाही. वय झालं की तोंडाला फळी राहत नाही. रविवार होता, अजून कोणी आलं नव्हतं, आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, त्या दिवशी मी मान हलवलेली तुम्ही पाहिलीत का?

"पायली," ते म्हणाले. "तुम्ही बोलाल म्हनून थांबलेलो. मनात धा मोजले."

मग बराच वेळ हातातली पट्टी उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, की त्यांना अजून वाटतं, वीस मोजायला हवे होते. वीस मोजले असते तर मॅडम स्वतःच बोलल्या असत्या आणि चारचौघांत त्यांना बोलावं लागलं नसतं. बारा वर्षं हा माणूस स्वतःचीच चूक धरून बसला होता.

इथे मला मान हलवता आली असती. सोपं होतं. पण म्हटलं, "नाही हो दादूस. शंभर मोजले असतेत तरी नसते बोलले."

ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. वर तोंड करून त्यांनी आपल्या सुनेला हाक मारली, "दोन चाय पाठव गो. मॅडम खरं बोलल्या." ज्या टेबलावर बारा वर्षांत कोणाला चहा मिळाला नव्हता तिथे चहा आला. मी कप उचलला तर त्यांनी बोटाने थांबवलं. "त्या पोरीला सांगितलं?"

नाही, मी म्हटलं.

"मंग लावा फोन."

तिचा नंबर माझ्याकडे होता. दिवाळीला तिचा मेसेज येतो. विठ्ठलवाडीला एका छोट्या कंपनीत ती सर्किटं तपासायचं काम करते, रविवारी अर्धा दिवस जाते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईला शोभणार नाही इतकं अडखळत सांगितलं, की त्या दिवशी तुझी काही चूक नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी हो म्हटलं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मला माहितीये मॅडम. मी तुमच्याकडेच बघत होते."

माझ्या हातात चहा तसाच. मी विचारलं, की मग पुढच्या शनिवारी तू वर्गाला परत का आलीस.

"अहो, आत आणि बाहेर उलटं लागल्यावर आयसी बंद पडायला हवी होती ना? ती बंद न पडता भरभरून सोडतेय कशी, ते कुणी सांगितलंच नव्हतं. ते कळायचं होतं मला."

दादूस पुढे वाकले, स्वतः कोण हे न सांगता फोनमध्ये म्हणाले, "मंग कळलं काय?"

"हो, काका," ती म्हणाली, आवाज ओळखून, आणि आतली वाट कशी उलटी उघडी पडते ते सांगू लागली. दादूसांनी माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला. पुढची वीस मिनिटं दोघं बोलत होते. मध्ये एकदा मला वाटलं आपणही काही म्हणावं, म्हणून मी घसा खाकरला. त्यांनी हातानेच मला गप्प बसायची खूण केली, आणि मी गार झालेला चहा पीत ऐकत राहिले.